जेकिल आणि हाइड : कोण कोणाच्या आड लपतंय?

उंबरठा

ज्यांनी मूळ पुस्तक वाचलेलं नाही त्यांनी आधी वाचून मग इथे यावं. जेमतेम शंभरेक पानं आहेत, आणि पुढे मी शेवटासकट सगळं उघड करणार आहे.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने ही कादंबरिका १८८५ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, बोर्नमथला, आजारपणात लिहिली. जानेवारी १८८६ मध्ये ती एक शिलिंगला बाजारात आली. तेव्हाच्या वाचकाला शेवटची दोन प्रकरणं येईपर्यंत कळत नव्हतं की ही दोन नावं एकाच माणसाची आहेत. आपल्याला ते पुस्तक हातात घेण्याआधीच ठाऊक असतं. त्यामुळे आपण एक तयार चित्र डोक्यात घेऊन वाचायला बसतो: सज्जन डॉक्टर, औषध घेतलं की सैतान, परत घेतलं की सज्जन. या चित्रात रूपं बदलतात, माणूस तसाच राहतो.

पुस्तकातला जेकिल मात्र प्रकरणागणिक सरकत जातो. सुरुवातीला जेकिल हाइडच्या आड लपतो, शेवटी हाइड जेकिलच्या आड लपतो, आणि गोष्टीतली खरी भीती या उलटापालटीत आहे असं मला वाटतं.

पहिली गोष्ट, जेकिल मुळात 'चांगला' नव्हताच, आणि वाईटही नव्हता. शेवटच्या निवेदनात तो स्वतःबद्दल सांगतो: श्रीमंत घरात जन्म, बुद्धी, कष्टाची आवड, थोरामोठ्यांत मान. दोष काय, तर मौजमजेची ओढ. तेवढ्याने दुसऱ्या कुणाचं काही अडलं नसतं. पण याला लोकांत भारदस्त दिसायचं होतं, उजळ माथ्याने फिरायचं होतं. म्हणून जे करायचं ते चोरून. औषध सापडण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून तो दुहेरी जगत होता, औषधाने फक्त सोय केली. आणि तीही अर्धवट! हाइड निव्वळ दुष्ट निघाला, पण उरलेला जेकिल काही निव्वळ सज्जन झाला नाही. तो होता तसाच सरमिसळ राहिला. औषध स्वतः ना देवाचं ना सैतानाचं, त्या रात्री आपलं मन उदात्त असतं तर आपल्यातून देवदूत बाहेर पडला असता, हे जेकिलच लिहितो.

त्यानंतर तो काय करतो बघा. लंडनच्या सोहो वस्तीत हाइडसाठी घर घेतो, नीट सजवतो. स्वतःच्या घरच्या नोकरांना सांगून ठेवतो की मि. हाइडना इथे कुठेही मुभा आहे. आपण नाहीसे झालो तर सगळी मालमत्ता हाइडला मिळेल असं मृत्युपत्र करतो. हा झपाटलेला माणूस नाही, हा पद्धतशीर माणूस आहे. हाइड रात्री जे करील त्याचा डाग जेकिलला लागणार नाही, अशी चोख व्यवस्था. जुना मित्र आणि वकील अटरसन काळजीने विषय काढतो, तेव्हा जेकिल त्याला ठाम सांगतो की मनात आणीन त्या क्षणी मी हाइडपासून मोकळा होऊ शकतो. ज्यांच्या घरात कुणाला दारूचं व्यसन होतं त्यांना हे वाक्य वेगळ्या आवाजात ऐकू येईल.

माझ्यासाठी पुस्तकाचा कणा पुढच्या प्रसंगात आहे. पुढे हाइड पार्लमेंटचा सभासद सर डॅनव्हर्स केरूचा खून करतो, त्याच्या दोनेक महिने आधीची सकाळ. जेकिल रात्री उशिरा परतून स्वतःच्या बिछान्यात झोपलेला आहे. जाग येते तेव्हा काहीतरी विचित्र वाटत राहतं. पलंग ओळखीचा, पडद्यांची नक्षी ओळखीची, तरी मन म्हणत राहतं की आपण सोहोच्या खोलीत आहोत. तो आळसावून त्या भासाची गंमत घेतो, पुन्हा डोळा लागतो. मग सहज नजर हातावर जाते. जेकिलचा हात डॉक्टरला शोभेल असा: मोठा, भरदार, गोरा. पांघरुणावर पडलेला हात मात्र किडकिडीत, शिरा वर आलेला, गाठाळ आणि केसाळ. लंडनच्या पिवळट उजेडात तो जवळजवळ अर्धा मिनिट त्या हाताकडे नुसता बघत राहतो.

झोपताना जेकिल, उठताना हाइड, आणि मध्ये औषध घेतलेलंच नाही. औषध आहे ते दोन जिने खाली, मागचं अंगण ओलांडून, पलीकडच्या प्रयोगशाळेत. आता ते लागणार आहे जेकिल होण्यासाठी.

या सकाळीनंतर तो दोघांपैकी एक निवडायला बसतो आणि जेकिलला निवडतो. दोन महिने कडक वागतो. पण सोहोचं घर सोडत नाही, हाइडचे कपडे फेकत नाही! निवड झाली आणि पळवाटही राहिली. मग एका दुबळ्या घटकेला तो औषध घेतो, आणि कोंडून ठेवलेला हाइड त्या रात्री केरूला काठीने ठेचून मारतो.

खुनानंतर जेकिल गुडघ्यांवर बसून रडतो हे खरं. पण त्या रडण्याच्या पाठोपाठ सुटकेचा आनंद आहे. आता हाइड बाहेर पडला तर फाशी ठरलेली, म्हणजे मोह झाला तरी त्याला वाटच नाही. आपल्या चांगुलपणाला फासाच्या भीतीचा पहारा मिळाला म्हणून आपल्याला बरंच वाटलं, असं तो कबूल करतो. तो मागच्या दाराला कुलूप लावून किल्ली टाचेखाली चिरडतो. आणि नेमकं इथे पारडं फिरतं. आजवर जेकिलला लपायला हाइड होता, आता हाइडला लपायला जेकिलइतकी सुरक्षित जागा साऱ्या लंडनमध्ये नाही.

मला विचारायचंय ते शेवटच्या रात्रीबद्दल. जेकिलच्या बंद खोलीचं दार फोडल्यावर हाइडचं प्रेत सापडतं, अंगात त्याच्या मापापेक्षा मोठे, डॉक्टरच्या मापाचे कपडे. आतून "दया कर" म्हणून ओरडणारा आवाज हाइडचा होता, असं अटरसन म्हणतो. विष घेण्याचं धाडस कोणी केलं असं तुम्हाला वाटतं?

रानजाई

फार मनापासून लिहिलंय. पण लेखात हाइड एका जागी थांबल्यासारखा वाटतो. माझ्या मते तोही बदलतो.

सुरुवातीला तो पहाटे तीन वाजता रस्त्यात आठ-दहा वर्षांच्या मुलीला सरळ तुडवून पुढे जातो. रागाने नाही, मजेने नाही, नुसता तुडवून. हे पाहिलेला एनफिल्ड म्हणतो की तो माणूस वाटलाच नाही, जगन्नाथाच्या रथासारखं काहीतरी वाटलं. (पुरीच्या रथाखाली भक्त चिरडतात ही समजूत तेव्हाच्या इंग्लंडमध्ये घरोघरी होती. ती आपल्या बाजूने वाचताना खटकते, पण तिथे ती यंत्रासारखी आंधळी गती दाखवायला आली आहे.) लोक जमतात, धमकावतात, तरी तो थंडपणे विचारतो की किती पैसे हवेत ते बोला.

आता शेवटचा हाइड आठवा. पूल नावाचा म्हातारा नोकर अटरसनला सांगतो की बंद दाराआड येरझारा घालणारी पावलं धन्याची नाहीत, आणि एकदा तर आतून रडण्याचा आवाज आला. असा, की ऐकून त्यालाही रडू यावं. हे रडणारा कोण? पावलं हाइडची, मग रडणंही हाइडचंच. ज्याला दुसऱ्याच्या हाडांची किंमत नव्हती त्याला स्वतःच्या जिवाची आली. जेकिलही लिहितो की हाइडला जगण्याची इतकी विलक्षण ओढ आहे की त्याची कीव येते. शिवाय आधी खुजा असलेला हाइडचा देह अलीकडे वाढल्यासारखा वाटू लागला होता, हेही निवेदनात आहे. तो अंगाने वाढला, आणि भीती शिकला.

सदाफुली

कीव येते हे सांगतोय कोण? जेकिल. इथे मी थांबते.

सगळ्या प्रतिसादांत आपण जेकिलच्या निवेदनावर डोळे मिटून विश्वास ठेवतोय. ते एका हुशार, प्रतिष्ठित माणसाने मरण्याआधी स्वतःची बाजू मांडायला लिहिलेलं पत्र आहे. त्यात काय नाही ते पाहा. वर्षानुवर्षं तो चोरून नेमकं काय करत होता याचा एकही तपशील नाही. तुडवलेल्या मुलीला नाव नाही. तिच्या घरच्यांना शंभर पौंड दिले, दहा सोन्याच्या नाण्यांत आणि बाकीचा चेक, तिथे विषय मिटला. शेवटी शेवटी हाइड रात्रीचा रस्त्यावरून जात असताना एक बाई त्याच्याशी बोलायला येते, बहुधा काड्यापेटी विकणारी. तो तिच्या तोंडावर फटका मारतो, ती पळते. जेकिलच्या पत्रात या बाईला एवढीच जागा आहे.

हाइडच्या तावडीत सापडलेल्यांत नाव फक्त पार्लमेंटच्या सभासदाला, केरूला. सगळी हळहळ स्वतःसाठी राखून ठेवलेली. हाइडच्या कृत्यांनी आपण थक्क व्हायचो, पण दोषी अखेर हाइड होता आणि हाइड एकटाच, असं तो सरळ लिहितो. त्याच्या हातून झालेल्या वाईटाची भरपाई जमेल तिथे करून टाकायची, आणि सद्सद्विवेक परत झोपी जायचा. सगळं खापर स्वतःच्याच दुसऱ्या नावावर फोडून हा नामानिराळा. मला यात बदल कमी आणि सातत्य जास्त दिसतं. तारुण्यात चोरून मजा करताना जो होता, तोच मरताना पत्र लिहितो आहे.

कंदील

सदाफुली, तुमच्या मुद्द्याला पुष्टी देणारं खुद्द स्टीव्हन्सनचं एक पत्र आहे, १८८७ सालचं. नाटकवाल्यांनी हाइडला निव्वळ बाईलवेडा करून टाकलं याचा त्याला राग आला होता. त्याचं म्हणणं, खोट जेकिलमध्ये आहे, कारण तो ढोंगी आहे. बायकांची आवड हा मुद्दाच नाही.

ते नाटक म्हणजे रिचर्ड मॅन्सफिल्डने १८८७ मध्ये बॉस्टनला केलेलं. पुढच्या वर्षी तो ते लंडनला घेऊन आला, आणि नेमके तेव्हाच व्हाइटचॅपलचे, म्हणजे 'जॅक द रिपर'चे, खून सुरू झाले. नाटकात जेकिलला वाग्दत्त वधू मिळाली, पुढे १९३१ आणि १९४१ च्या सिनेमांत घरंदाज मुलगी एकीकडे आणि गरीब वस्तीतली मुलगी दुसरीकडे अशी मांडणी पक्की झाली. पुस्तकात यांतली एकही नाही. आपल्याकडे १९८१ मध्ये संजीव कुमारला घेऊन 'चेहरे पे चेहरा' आला, तोही याच गोष्टीवर.

सिनेमाने आणखी एक केलं. गोष्ट सरळ क्रमाने सांगितली. पुस्तकात हाइड आधी भेटतो, जेकिल तिसऱ्या प्रकरणात, आणि जेकिलचं मन दहाव्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणात. आपण आधी परिणाम बघतो आणि कारण सर्वांत शेवटी. सदाफुली म्हणतात तो अविश्वास या क्रमामुळेच शक्य होतो, कारण निवेदन हातात येतं तेव्हा आपल्याकडे ताडून बघायला नऊ प्रकरणं असतात.

वकीलकाका

स्टीव्हन्सन स्वतः १८७५ मध्ये एडिंबरोला वकील झाला होता हे इथे सांगायला हवं. वकिली त्याने फारशी केली नाही, पण कागदपत्रांकडे बघायची नजर पुस्तकभर दिसते. मृत्युपत्र, चेक, पाकिटातलं पाकीट, मोहोरबंद लिफाफा. जेकिलचा बदल कागदांवरूनही वाचता येतो.

खुनानंतर जेकिल अटरसनला हाइडचं म्हणून एक पत्र दाखवतो. निरोप्याने आणून दिलं म्हणतो. पूलला विचारलं तर तो सांगतो, टपालाखेरीज काही आलंच नाही. अटरसनचा कारकून गेस्ट हस्ताक्षराचा जाणकार. तो जेकिलची एक चिठ्ठी त्या पत्राशेजारी ठेवतो आणि म्हणतो की अक्षरं बरीचशी एकसारखी आहेत, फक्त कल वेगळा. अटरसनच्या अंगावर काटा येतो: हेन्री जेकिलने एका खुन्यासाठी खोटं पत्र लिहिलं! आणि मग तो काय करतो? पोलिसांकडे जातो? नाही. गेस्टला याबद्दल बोलू नको म्हणतो, आणि चिठ्ठी तिजोरीत ठेवतो.

ही सगळी भली माणसं. पण मित्राची अब्रू जपायच्या नावाखाली प्रत्येक जण तोंड मिटून बसतो. एनफिल्डने तर नियमच केलेला, की जितकं भानगडीचं दिसेल तितकं कमी विचारायचं. जेकिल लपू शकला कारण त्याच्या वर्तुळात लपण्याला सगळ्यांची मूक संमती होती. ही गोष्ट अख्ख्या पुस्तकात बदलत नाही.

जाता जाता: एडिंबरोत अठराव्या शतकात विल्यम ब्रॉडी नावाचा प्रतिष्ठित सुतार होता, नगरसभेत बसणारा, रात्री घरफोड्या करणारा. १७८८ मध्ये फासावर गेला. स्टीव्हन्सनच्या लहानपणीच्या खोलीत त्याने बनवलेलं कपाट होतं आणि त्याच्यावर स्टीव्हन्सनने मित्राबरोबर नाटकही लिहिलं.

उंबरठा

सदाफुली, सातत्य आहे हे मान्य, पण दोन प्रसंग त्यात बसत नाहीत.

पहिला रीजंट्स पार्कमधला. जानेवारीचा स्वच्छ दिवस, पायाखाली दंव वितळलेलं, पाखरांची चिवचिव. जेकिल बाकावर ऊन खात बसलाय. आदले काही महिने त्याने खरोखर लोकांची सेवा केली आहे, आणि मग हळूच जुन्या सवयीकडे वळलाय. पण या वेळी हाइड न होता, जेकिल म्हणूनच. आजवर ही गरज पडली नव्हती, घाण काम करायला दुसरा होता. आणि बाकावर बसून तो स्वतःची इतरांशी तुलना करतो: मी शेवटी चार लोकांसारखाच, उलट त्यांच्या बेफिकिरीपेक्षा माझी सेवा मोठी. हा विचार मनात येतो त्याच क्षणी पोटात ढवळतं, अंग थरथरतं, कपडे ढिले पडतात आणि गुडघ्यावरचा हात केसाळ झालेला असतो. औषधाशिवाय, भर दिवसा, जागेपणी. स्टीव्हन्सनने हा क्षण फार विचारपूर्वक निवडला आहे असं मला वाटतं. दुष्ट विचार चालू असताना हाइड येत नाही, स्वतःची पाठ थोपटताना येतो.

दुसरा प्रसंग त्याच रात्रीचा, जेकिलचा जुना मित्र डॉ. लॅन्यनच्या घरी. जेकिलच्या प्रयोगशाळेतला औषधाचा खण लॅन्यनने आणून ठेवला आहे. हाइडला फक्त औषध पिऊन निघून जाता आलं असतं. जीव धोक्यात, पोलीस मागावर. तरी तो पेला हातात धरून भाषण देतो. माझ्या विद्येला तू नाकारलंस, तुझ्यापेक्षा श्रेष्ठांची टिंगल केलीस, आता बघ! ही दहा वर्षांची जुनी खुन्नस दोन डॉक्टरांमधली आहे. हाइडला तिच्याशी काय देणंघेणं? तोंड हाइडचं, अहंकार जेकिलचा. तोवर दोघांमधली भिंत आत कधीच ढासळलेली होती, बाहेरून मात्र देह अजून दोन दिसत होते. औषधाने वेगळं केलेलं पुन्हा एक झालं, आणि एक झालं ते सगळ्यात वाईट ठिकाणी.

स्टीव्हन्सनचा चरित्रकार ग्रॅहम बाल्फर सांगतो की पहिल्या खर्ड्यात जेकिल आतून पूर्ण वाईटच होता आणि हाइड हा फक्त वेषांतराचा उपाय होता. पत्नी फॅनीने त्यावर टीका केली, स्टीव्हन्सनने तो खर्डा जाळला आणि नव्याने लिहिलं. सदाफुली, तुम्ही वाचताय तो जेकिल मला त्या जळालेल्या खर्ड्यातल्या जेकिलच्या जवळचा वाटतो. हाती आलेल्या पुस्तकातला माणूस अधिक गुंतागुंतीचा आहे.

सदाफुली

लॅन्यनच्या घरच्या भाषणाचा मुद्दा पटला. तिथे हाइड जेकिलची सूडाची तहान भागवतोय. पण मग तुमच्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं. भिंत ढासळली असेल तर विष कोणी घेतलं हा प्रश्न उरत नाही. दोघांनी घेतलं.

रानजाई

मला तसं वाटत नाही. जेकिल पत्राच्या शेवटी लिहितो की अर्ध्या तासात मी कायमचा हाइड होईन, आणि तो फासावर जाईल की अखेरच्या क्षणी स्वतःला सोडवण्याचं धैर्य दाखवील, ते देव जाणे, आता मला त्याची फिकीर नाही. म्हणजे त्याच्या लेखी त्याचा मृत्यू लेखणी खाली ठेवतानाच झाला. पुढचं मरण हाइडचं, एकट्याचं. जगायची एवढी ओढ असलेल्याने ते करावं, याला मी बदलच म्हणेन.

वकीलकाका

एका कागदाकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. दार फोडल्यावर टेबलावर नवं मृत्युपत्र सापडतं. मजकूर जुनाच, फक्त वारस म्हणून हाइडच्या जागी अटरसनचं नाव. अटरसन चक्रावतो. तो म्हणतो की इतके दिवस हा कागद त्या माणसाच्या, हाइडच्या, हाताशी होता, माझ्यावर प्रेम असायचं त्याला काही कारण नव्हतं, आपलं नाव काढलेलं पाहून तो चवताळला असणार, तरी त्याने हा फाडला नाही.

जेकिलला तर आपलं निवेदनही हाइड फाडून टाकील अशी धास्ती होती. त्या खोलीत धर्मग्रंथाची एक प्रत आहे, तिच्या समासांत हाइडने जेकिलच्या अक्षरात अभद्र शेरे खरडलेले. म्हणजे कागद नासवायची हाइडला सवय होती. मृत्युपत्र आणि निवेदन मात्र जसंच्या तसं राहिलं. रानजाई म्हणते तसा हाइड बदलला असेल, किंवा उंबरठा म्हणतात तशी भिंत पडून जेकिलचा हात शेवटपर्यंत आत कुठेतरी आवरत असेल. की अर्ध्या तासात त्याला फक्त वेळच मिळाला नाही? कुणी ते प्रकरण याच दृष्टीने पुन्हा वाचलंत तर इथे लिहा, मलाही वाचायचंय.